कोकेंच्या निरोपाचा सारांश

फोनचे अपडेट हे काम माणसाने घराचे दार आतून लावून, कोणाला न सांगता उरकावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मी ते इमारतीखालच्या बाकावर बसून करायला घेतले आणि तिथेच फसलो. कझाखस्तानातल्या आमच्या तराझ शहरात जावयाची नोकरी, सुनेचा स्वभाव, गुडघ्याचे ऑपरेशन अशा नाजूक विषयांवर लोक सल्ला देताना निदान एकदा खाकरतात तरी. फोनच्या बाबतीत ती भीड कोणालाच नाही. बाकावर बसला की माणूस तज्ज्ञ होतो.

खरे तर मला अपडेट नकोच होते. मी पाणी खात्यात आहे, आणि जे वाहते आहे त्याला हात लावायचा नाही हे आमच्या खात्याचे पहिले तत्त्व आहे. फोन रोज सकाळी विचारायचा, 'नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर?' मी रोज 'नंतर' म्हणायचो. असे आमचे छान चालले होते. पण माझ्या मुलीची, आयसाउलेची, पाठवणी ठरली आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे आमंत्रणाचा व्हिडिओ तयार झाला. त्यात मागे डोंगर, पुढे राजहंस आणि मधोमध मी आणि माझी बायको रौशनगुल, फोटोग्राफरने 'हसा' म्हटल्यावर घाबरलेले. हा व्हिडिओ माझ्या फोनवर उघडेचना. आवृत्ती जुनी आहे, असे तो म्हणाला. स्वतःच्या मुलीच्या पाठवणीचे आमंत्रण बापाला दिसू नये, म्हणजे काय!

"घेऊन टाक, ओमेके," साबिरखान म्हणाला. माझे नाव ओमिरझाक, पण मान द्यायचा तर ओमेके म्हणतात. साबिरखान मला नेहमी संकटात ढकलण्यापूर्वी मान देतो. तो रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर फोनच्या बातम्या पाहतो. कोणती कंपनी कधी काय आणणार, त्यात काय बिघडणार, ते कधी दुरुस्त होणार, हे त्याला गाड्यांच्या वेळापत्रकासारखे पाठ असते. त्याचा स्वतःचा फोन मात्र इतका जुना आहे की कोणतीही नवी आवृत्ती त्याला दारात उभेच करत नाही. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती असते, असे तो म्हणतो.

"घेऊ नकोस रे बाबा," चौथ्या मजल्यावरच्या गुलबार्शिन अपाय, म्हणजे आमच्या मोठ्या ताई, म्हणाल्या. "माझ्या सुनेनं घेतलं. आता सगळं काचेचं झालंय. काचेमागं काच, त्याच्यामागं अक्षर. चष्मा घालून बघितलं तरी धुकं."

"धुकं नाही अपाय, ती सजावट आहे."

"असेल. पण तिनं सजावटीवर बोट ठेवलं आणि दंतवैद्याला फोन लागला."

पुढे जागेचा प्रश्न निघाला. नव्या आवृत्तीला जागा हवी आणि फोनमध्ये तर मुंगी शिरायला जागा नाही. काय काढायचे यावर बाकाचे दोन तट पडले. शेवटी रौशनगुलचे तिच्या बहिणीकडच्या मेजवानीचे सगळे नाच मी पुसून टाकले. हे तिला अजून माहीत नाही आणि ही कथा ती वाचणार नाही, कारण तिला माझे लिखाण म्हणजे पाणीकपातीच्या सूचना एवढेच ठाऊक आहे.

तासाभराने फोन जागा झाला तो नवाच चेहरा घेऊन. अपाय म्हणाल्या होत्या तसेच सगळे काचेचे. शिवाय तो विचारू लागला: अनोळखी माणसाचा फोन आला तर मी आधी त्याची चौकशी करू का? लांबलचक मेसेज आले तर मी त्यांचा सारांश देऊ का? उत्तरे मीच तयार करून ठेवू का?

"सगळ्याला हो म्हण," साबिरखान म्हणाला. "फुकट आहे ते."

मी सगळ्याला हो म्हटले. फुकट मिळाले की माझ्यातला सावध सरकारी नोकर कुठे जातो कोण जाणे.

आणि खोटे कशाला बोलू, पहिले काही दिवस मी फार सुखात होतो. इमारतीच्या ग्रुपवर सकाळपासून जो धुरळा उडायचा, तो संध्याकाळी फोन मला एका ओळीत सांगायचा: 'लिफ्ट बंद आहे. लोक रागावले आहेत.' आमचे साहेब कामाच्या निष्ठेवर दोन दोन पाने लिहितात, त्याचा सारांश यायचा: 'सोमवारी लवकर या.' रौशनगुलचा एक मेसेज होता, त्यात तिच्या आईचे दुखणे, बाजारातली गर्दी आणि माझा विसराळूपणा असे बरेच काही असावे. फोनने लिहिले: 'बटाटे आणा. नाराज आहेत.' मी बटाटे आणले. इतकी वर्षे संसार करून मला जे जमले नव्हते ते फोनला एका आठवड्यात जमले, याचे मला कौतुक वाटले.

अशा त्या सुखाच्या दिवसांत कोकेंचा मेसेज आला.

कोके म्हणजे माझे थोरले भाऊ. मेर्के गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे, घोड्या आहेत. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. मला चालायला, सायकलवर, घोड्यावर, सगळ्यावर बसायला त्यांनीच शिकवले. पण गेल्या हिवाळ्यापासून आमचे बोलणे बंद होते. वडिलांच्या स्मरणाच्या जेवणाला सगळे जमले होते आणि आयसाउले चहा देत होती. नुकतीच अल्माटीहून शिकून आलेली पोर. काकांवरच्या मायेने तिने त्यांची वाटी काठोकाठ भरली. आता आमच्याकडे चहाची वाटी तळाशी थोडी भरून देतात, म्हणजे माणूस पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. भरलेल्या वाटीचा अर्थ एकच: प्या आणि निघा. कोके चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "शिकून हेच शिकलीस होय? काकाला दार दाखवायला?" पोर स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडली. मी कोकेंना म्हणालो, तोंड आवरा. कोके टोपी घालून उठले ते गेलेच.

आणि आता पाठवणी तोंडावर आली होती. आमच्या घरात थोरल्याने दोन्ही तळहात उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय मुलगी उंबरा ओलांडत नाही. आयसाउले रोज विचारायची, "कोके येतील ना?" मी म्हणायचो, "बघू." मला वाटत होते, चूक त्यांची, बोलतील तेच आधी.

म्हणून कोकेंचे नाव फोनवर दिसले तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. बोलून पाठवलेला मेसेज होता, चांगला लांबलचक. खाली काचेच्या चौकटीत सारांश तयार: 'तब्येतीची चौकशी. हवा आणि गवताविषयी माहिती. शेजाऱ्यांची विचारपूस. तातडीचे काही नाही.'

मी परत वाचले. तातडीचे काही नाही! वर्ष होत आले, पुतणीची पाठवणी दारात, आणि हे गवताविषयी माहिती देतात! माझा स्वाभिमान असा दुखावला की तो मेसेज ऐकायचे मला कारणच उरले नाही. फोनने खाली तीन उत्तरे तयार ठेवली होती. त्यातले मी मधले दाबले: 'ठीक आहे, धन्यवाद.' थंड, सभ्य आणि खात्याला शोभणारे उत्तर. मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक बैठक होती. बाहेर आलो तर फोनवर पुन्हा एक चौकट. कोणा अनोळखी नंबरवरून फोन आला होता आणि फोनमधल्या माझ्या नव्या सहायिकेने चौकशी करून सगळे संभाषण लिहून ठेवले होते. नव्या आवृत्तीला आता कझाखही येते, पण शाळेत पुस्तकातून पाठ केल्यासारखी.

'नमस्कार. आपले नाव आणि फोन करण्याचे कारण सांगा.'

'मी आहे रे.'

'धन्यवाद. मी यांचे काय काम आहे?'

'कोण बोलतंय? आयसाउले, तू का गं पोरी?'

'मी या फोनची सहायिका आहे. कृपया कारण थोडक्यात सांगा.'

'कारण? त्याला बोट धरून चालवला मी. माझ्याकडं कारण मागतो?'

'धन्यवाद. ते उपलब्ध आहेत का पाहते.'

यापुढे 'अस्पष्ट' असे लिहिले होते, पण त्या अस्पष्टात काय असेल ते मला शब्दन् शब्द ऐकू आले. खाली फोनने अदबीने विचारले होते: 'हा त्रासदायक फोन वाटतो. हा नंबर बंद करायचा का?'

कोकेंनी कोणा शेजाऱ्याच्या फोनवरून फोन केला असणार, आणि माझ्या दारात त्यांना उभे करून नाव विचारले गेले होते. घरी पळत आलो. लगेच उलट फोन लावावा तर नव्या काचेत नावांची यादी कुठे गेली ते सापडेना. साबिरखान मदतीला आलाच होता.

"नुसतं बोल की त्याच्याशी. म्हण, कोकेंना फोन लाव."

मी म्हटले. फोन म्हणाला, "कोणते कोके? कोके टायरवाले, कोके दवाखाना, कोके मटण..." आपल्यापेक्षा थोराला आम्ही कोकेच म्हणतो, त्यामुळे माझ्या फोनमध्ये अर्धे शहर कोके होते.

"मग वहिनी, तुमच्या फोनमध्ये आयसाउलेनं त्यांचं पूर्ण नाव घातलंय, ते घेऊन सांगा," साबिरखान रौशनगुलला म्हणाला.

रौशनगुलने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. थोरल्या दिराचे नाव आमच्याकडे सून तोंडाने घेत नाही. तिने लग्नानंतर त्यांना 'मिर्झा-आगा' असे नाव ठेवले आणि तेच आजवर चालले आहे. "या घरात आल्यापासून ते नाव माझ्या तोंडातून गेलं नाही," ती म्हणाली, "आणि आता या काचेच्या तुकड्यापुढं घेऊ?"

"फोन काय माणूस आहे का?"

"कान आहेत ना त्याला? मग झालं."

तिने फोन तोंडाजवळ धरला आणि लाजत म्हणाली, "आमच्या घरातल्या थोरल्यांना लाव. घोड्या असलेले." फोनने तिला घोड्यांना खरारा करायच्या ब्रशांची दुकाने दाखवली.

इतक्यात तिचाच फोन वाजला. कुल्पान वहिनी, कोकेंची बायको. त्या मोजकेच बोलल्या. "येत नाही म्हणतात. टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, त्या घराच्या दारात आता एक पोरगी बसवलीय, ती मला ओळखत नाही."

आयसाउले दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, "बाबा, त्यांच्या मेसेजमध्ये काय होतं?"

"हवा. गवत. तब्येत."

"तुम्ही ऐकलात?"

"लिहून आलं होतं."

"म्हणजे ऐकला नाहीत." ती आत निघून गेली. जाताना म्हणाली, "कोके नसतील तर मला पाठवणी नको." या घरात कोणी इतक्या शांतपणे मला काही बोललेले मला आठवत नाही.

मी मेसेज उघडायला गेलो तर जागा नाही म्हणून तो उतरेना. नाच पुसून केलेली सगळी जागा त्या काचेने खाल्ली होती. मग मी फोन घेऊन दुरुस्ती केंद्रात गेलो. म्हटले, ती सहायिका काढा, सारांश काढा, काच काढा, माझा जुना फोन परत द्या. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तक्रार नोंदवते. तुमची ओळख पटवायला फोनवर एक आकडा आलाय, तो सांगा." मी पाहिले. फोनने सारांश दिला होता: 'तुम्हाला एक आकडा आला आहे. महत्त्वाचा आहे. कोणालाही सांगू नका.' आकडा मात्र नव्हता. तो काचेमागे कुठे आहे हे शोधेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही तसाच गेला. बाई म्हणाल्या, "ओळख पटत नाही तुमची." मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "चेहऱ्यावरूनही पटत नाही." पाणी खात्यातल्या माणसाला गावात कोणी ओळखत नाही, हे मी प्रथमच अनुभवले.

रौशनगुलने दरम्यान तळण काढले होते. फुगीर पुऱ्यांसारख्या बाउरसाकांची टोपली भरली, कोकेंसाठी घेतलेला मानाचा झगा, जो ती पाठवणीच्या दिवशी देणार होती, तोही बांधला. "चला," ती म्हणाली. "फोन ठेवा घरी."

साबिरखानने आपली गाडी काढली. वाटेत तो म्हणाला की सारांशाच्या या दोषाची बातमी त्याने आधीच पाहिली होती. "मग सांगितलं का नाहीस?" "तू विचारलंस कुठे?" असे आमचे मेर्केपर्यंत चालले. कोकेंच्या दाराशी त्याला आम्ही गाडीतच बसवून ठेवले.

दार आतून बंद होते. मी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून कोकेंचा आवाज.

"मी आहे, कोके."

"मी म्हणजे कोण? नाव सांग. आणि कारण. थोडक्यात."

मागे रौशनगुलने हसू दाबल्याचे मला कळले. नवी टोपी घालून, हातात बाउरसाकांची टोपली धरून, अर्ध्या गल्लीसमोर मी उभा होतो.

"ओमिरझाक," मी म्हणालो. "तुमचा धाकटा भाऊ. कारण... पोरीची पाठवणी आहे. तुम्ही नसलात तर माझ्याच्यानं ती व्हायची नाही."

मग आवाज आला, "घरात आहेत का पाहतो." पावले आत गेली. सावकाश परत आली. मग कडी निघाली.

दस्तरखानाभोवती, म्हणजे अंथरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती, बसलो. कुल्पान वहिनींनी चहा दिला. कोके माझ्याकडे न पाहता बोलले. "त्या दारातल्या पोरीचं एक वेळ सोड. ती परकी. पण 'ठीक आहे, धन्यवाद' हे कोण म्हणालं?"

"फोननं तयार ठेवलं होतं, कोके."

"बोट कोणाचं होतं?"

"माझं."

"यानं ऐकलंच नसणार," कुल्पान वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातून कोकेंचा तडा गेलेला जुना फोन काढला आणि कोके "ठेव तो, ठेव" म्हणत असतानाच मेसेज लावला.

फोनमधून कोकेंचाच आवाज येऊ लागला. घरचे कसे आहेत, रौशनगुलचा रक्तदाब कसा आहे, तिची आई जेवते का, लिफ्ट सुरू झाली का. यंदा हवा कशी, गवत किती, कोणती घोडी कधी व्याली. साबिरखानची बायको बरी आहे का. माझ्या शेजारी बसलेले कोके आता खाली मान घालून बाउरसाकाचा चुरा करत होते. मग फोनमधला आवाज जरा घोटाळला. म्हणाला, "आणि आयसाउलेचं..." तसे कोके उठले आणि घोडीला पाणी पाजायचे आहे असे काहीतरी पुटपुटत मागच्या दाराने बाहेर गेले.

आवाज सांगत होता: "त्या दिवशी वाटी तिनं मायेनं भरली होती. मला कळत होतं. पण लोक हसले आणि मी तिलाच बोललो. मोठं होऊन मी लहान झालो रे. तिला मी नको असेन तर तसं सांग. मी येणार नाही. इथूनच डोंगराकडं तोंड करून तळहात उघडीन. यावंसं वाटत असेल तर एकदा बोलाव. तू जे सांगशील ते बरोबर."

आणि मी सांगितले होते, ठीक आहे, धन्यवाद.

मला तिथे बसवेना. रौशनगुल रुमालाने डोळे पुसत होती. मी उठून मागच्या अंगणात गेलो. कोके घोडीच्या मानेवरून हात फिरवत उभे होते. पाण्याची बादली रिकामीच होती.

"संपलं?" त्यांनी विचारले.

"नाही. अजून चालू आहे."

"काय बोललोय तरी इतकं!" ते म्हणाले. "संपेपर्यंत इथंच थांब. मला एकट्याला लाज वाटते."

आम्ही दोघे घोडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. खिडकीतून त्यांचा आवाज येतच होता. आता तो माझ्या खात्यातल्या कोणाकोणाची विचारपूस करत होता. माझे डोळे भरून आले. हा माणूस वर्षभर माझ्या एका हाकेसाठी थांबला होता, आणि मी त्याला पोच पाठवली होती.

"कोके, या," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

"तू पण त्या फोनमधल्या पोरीसारखाच झालास की," ते म्हणाले. "आल्यापासून गुडघ्याचं विचारलं नाहीस, जनावरांचं नाही. आल्या आल्या काम!"

मग मी विचारले. गुडघ्याचे विचारले, रात्री झोप लागते का विचारले. प्रत्येक घोडीचे विचारले. विहिरीचे पाणी, छपराचा पत्रा, कुल्पान वहिनींचा भाऊ, त्याचा मुलगा. कोके एकेकाचे सविस्तर उत्तर देत गेले आणि मी पुढचे विचारत गेलो. घरातला आवाज कधीच थांबला होता. रौशनगुल दोनदा दारापर्यंत येऊन आम्हाला पाहून आत गेली. शेवटी विचारायचे काही उरले नाही, तेव्हा मी म्हणालो, "आणि कोके, आयसाउले रोज तुमची वाट बघते."

कोके घोडीच्या आयाळीतली काटकी काढत राहिले.

"हं," ते म्हणाले. "तिला सांग..." मग थांबले, माझ्याकडे नीट पाहिले आणि टोपी घ्यायला घराकडे वळले. "नको. तू नको सांगूस. तू थोडक्यात सांगशील. मीच येऊन सांगतो."